मागच्या वायरी काळ्या

मास्तरांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस म्हणजे त्यांची बायको. गाड्यांचं वायरिंग करून पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही काही लहानसहान गोष्ट नाही. पण चौतीस वर्षं दोघांनी ती अशी सांभाळली की गॅरेजांच्या त्या गल्लीत कुणाला शंकासुद्धा आली नाही. पोटच्या लेकीलाही नाही.

मास्तर हे काही शाळामास्तर नव्हते. गिऱ्हाईकाला गाडीचा रोग बोट वर करून समजावून सांगायची त्यांची खोड होती, म्हणून गल्लीने त्यांना ते नाव दिलं. खऱ्या शाळेत त्यांनी एकदा झाडाची पानं तपकिरी रंगवली होती आणि त्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. तेव्हा त्यांनी एवढाच अर्थ काढला, की आपल्याला चित्रकला येत नाही. पुढे चुलत्याच्या बॅटरीच्या दुकानात लागले. तिथे वायरी दोनच, एक जाड आणि दुसरी तिच्याहून जाड. रंगाशी कुणाला कर्तव्य नव्हतं. हात मात्र सोन्यासारखा. चुलता म्हणायचा, या पोराच्या बोटांना वीज ओळखते.

स्वतःचं दुकान टाकलं, लग्न झालं, आणि त्याच वर्षी पंचाईत झाली. एका टॅक्सीचं वायरिंग जोडून त्यांनी चावी फिरवली, तर डॅशबोर्डखालून धुराचा लोट. लक्ष नव्हतं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. महिन्याभराने दुसऱ्या गाडीची तीच गत. तिसऱ्या गाडीला हात लावायची त्यांची छाती होईना.

कोडं सुटलं ते बायकोमुळे. एका सुट्टीच्या दिवशी दोघं बागेत फिरत होती. तिची लाल पाकीट-पिशवी हातातून गवतात पडली. "अहो, तेवढी उचला," म्हणून ती पुढे गेली. मागे वळून बघते तर नवरा वाकून शोधतोय, पिशवी त्याच्या बुटाशेजारी पडलेली. तो तिच्यावरून दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. तिने स्वतः येऊन पिशवी उचलली. दोन दिवस गप्प राहिली, आणि हा तिच्या स्वभावाच्या दृष्टीने चमत्कारच होता, कारण झोपेतसुद्धा बडबडणारी ती बाई. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन दुकानात आली, स्टूल ओढून गाडीशेजारी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही हात चालवा. रंग मी सांगते."

ती त्या स्टुलावर बसली ती बसलीच. गिऱ्हाईक समोर असलं तर ती रंगाचं नाव घेत नसे. नुसतं हवं ते रीळ पुढे सरकवायची, "घ्या, ही घ्या." एकटे असले की तिला ऊत यायचा. तिच्या लेखी तांबडा म्हणजे नुसता तांबडा नव्हता. विटकरी वेगळा, डाळिंबी वेगळा, गंजाचा तिसराच. "ही शेवाळी, हिच्यावर पांढरी रेघ. आणि ही बघा, एके काळची जांभळी, आता नुसती मळकी झाली आहे, माझ्यासारखी." कुणी विचारलं, वहिनी, तुम्ही इथे ऑइलच्या वासात कशाला बसता, तर उत्तर तयार असायचं, "नवऱ्यावर नजर ठेवायला. गाड्या काय, कुणाच्याही बायका घेऊन येतात."

लेक त्याच दुकानात मोठी झाली. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून तिने गृहपाठ केला. लहान होती तेव्हा कुठे बोलून जाईल म्हणून तिला सांगितलं नाही, मोठी झाली तोवर सांगायचं राहूनच गेलं. लपवलेली गोष्ट जुनी झाली की आपण ती लपवतोय हेसुद्धा माणूस विसरतो. लेकीला दिसत होतं ते इतकंच, की आपली आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका मोडक्या स्टुलावर बसून बापाच्या हाताखाली राबते, आणि बाप एक मदतनीस ठेवायला तयार नाही. शिकून ती शिक्षिका झाली, बसने सहा तासांवरच्या शहरात संसार मांडला. बापाशी तिचं बोलणं कामापुरतं.

डॉक्टरबाईंच्या गाडीचं काम आलं तेव्हा मास्तर बासष्टचे होते. बाई निवृत्त झालेल्या, सत्तरीपुढच्या. तीस वर्षं त्यांनी ती गाडी रुग्णांच्या घरी जाण्यासाठी वापरली होती. आता सात-आठ वर्षं ती त्यांच्या घरच्या शेडमध्ये पडून होती आणि उंदरांनी तिच्यात घर केलं होतं. "विकायची नाही मला," बाई म्हणाल्या, "चालती बघायची आहे. मी आहे तोवर."

मास्तरांनी शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडलं आणि मान हलवली. वायरींवरचं जुनं रबर बोट लागताच भुगा होऊन पडत होतं. कापडाचं वेष्टण उंदरांनी बिळात नेलं होतं. अशा गाडीला ठिगळं लावून भागत नाही. जुन्या वायरींचा सगळा जुडगा अखंड बाहेर काढायचा, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर खिळे मारून तो जसाच्या तसा पसरायचा, आणि मग प्रत्येक वायरीशेजारी त्याच रंगाची, त्याच जाडीची नवी वायर ओढत जायचं. एकेका टोकाला चिठ्ठी. पुढच्या दिव्यांपासून सुरुवात, मग डॅशबोर्ड, शेवटी मागचे दिवे. दोघांनी मिळून फळी भरली. पुढचे दिवे आणि हॉर्न होईपर्यंत आठवडा गेला.

आठव्या दिवशी सकाळी ती चिठ्ठ्या लिहीत होती. मास्तर म्हणाले, "पुढची कुठली गं?" उत्तर आलं नाही. त्यांनी वर पाहिलं तर पेन तिच्या हातातून गळून पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती जशी काही त्यांचीच काळजी करतेय.

अर्धांगाचा झटका होता. बारा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, उजवा हात-पाय लुळा घेऊन. समजत होतं सगळं. पण बोलणं गेलं होतं, आणि तेही असं चमत्कारिक, की आवाज होता, शब्द होते, फक्त एकाच्या जागी दुसरा यायचा. डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी समजावलं, "शब्द डोक्यात आहेत त्यांच्या. बाहेर येताना वाट चुकतात."

एका दुपारी, तिला बरं वाटेल म्हणून, मास्तरांनी डॉक्टरबाईंच्या गाडीतला वायरीचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. "सांग बघू, कुठला?"

तिने निरखून पाहिलं. "मंगळवार," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, थट्टा करतेय. ते हसले. ते हसताहेत हे बघून तीही हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण म्हणालो ते काहीतरी भलतंच होतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. "मंगळवार. नाही. मंगळ…" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्तरांनी तुकडा खिशात घातला आणि पुन्हा विचारलं नाही.

पण दोन दिवसांनी तिनेच बोट दाखवलं. दुकानाकडे, मग स्वतःकडे. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. मास्तरांनी शेजारच्या पत्रेवाल्याला हाताशी घेऊन ती फळी वायरींसकट आत आणली आणि तिच्या पलंगासमोर भिंतीला टेकवून ठेवली. रिळांची टोपली तिच्या पांघरुणावर. तिने डावा हात पुढे केला, फळीवरची जुनी वायर बोटांत धरली, टोपलीत चाचपलं आणि एका रिळावर हात ठेवला. मग त्यांच्याकडे पाहिलं.

नावाची गरजच नव्हती. जोडी लागली की झालं.

पुढच्या तीन आठवड्यांत दोघांनी डॅशबोर्डचं सगळं काम केलं, तेच सर्वांत किचकट. दिवसाला तीन-चार वायरी, कधी दोनच. ती दमली की हात रिळावर तसाच ठेवून झोपून जायची, आणि मास्तर ते रीळ तिच्या हाताखालून न काढता बसून राहायचे.

दवाखान्यात दोन दिवस येऊन गेलेली लेक आता मोठी रजा टाकून आली. आली त्या दिवशी औषधं आणायला बाहेर गेली आणि परतली तेव्हा बघते तर आईच्या पांघरुणावर रिळं, चांगल्या हाताची बोटं काळी, आणि बाप समोर खिळ्याला वायर गुंडाळतोय.

"बाबा, हे काय चाललंय?"

"जरा मन रमतं तिचं," मास्तर म्हणाले.

"मन रमतं?" लेकीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आयुष्यभर राबवलंत तिला. आता अर्धं अंग गेलं, तर उरलेल्या अर्ध्याकडून काम घेताय?"

आई पलंगावरून उठायची धडपड करायला लागली. तिने डाव्या हाताचं बोट आपल्या डोळ्यावर ठेवलं, मग नवऱ्याकडे रोखलं. "यांना," ती म्हणाली, "यांना मंगळवार नाही. यांना… मंगळवार नाही गं."

मास्तरांना शब्द न् शब्द कळला. लेकीला वाटलं, आईचे डोळे दुखताहेत. तिने ओल्या फडक्याने आईचे डोळे पुसले, मग बोटं पुसली, आणि रिळांची टोपली उचलून दाराबाहेर ठेवली.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण आत्ता सांगितलं तर त्याचा अर्थ काय होणार, असं त्यांच्या मनात आलं: मला दिसत नाही, म्हणून हिचे डोळे मला इथे हवेत. शिवाय, खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटली. बासष्टाव्या वर्षी लेकीसमोर उभं राहून, मी आयुष्यभर आंधळ्यासारखा काम करत आलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी हातातली वायर खिळ्याला गुंडाळून टाकली.

लेकीने आईला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. तिच्याकडे लिफ्ट होती, दिवसभर सांभाळायला एक बाई मिळत होती, व्यायाम करून घेणारे डॉक्टर जवळ होते. चूक काहीच नव्हतं त्यात. मास्तरांनी कपडे भरायला मदत केली. गाडीत बसवताना बायकोने त्यांचा शर्ट मुठीत धरला. तो हात सोडवताना त्यांना तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

"पंधरा दिवसांत आणतो परत," ते म्हणाले. "काम तसंच ठेवतो. तुझ्याशिवाय हात लावत नाही."

रोज संध्याकाळी ते फोन करायचे. लेक फोन आईच्या कानाला लावायची. पलीकडून शब्द यायचा नाही, नुसता श्वास. मास्तर त्या श्वासाशी बोलायचे. पत्रेवाल्याने कुत्रं पाळलं, नळाचा आटा गेला, डॉक्टरबाई विचारत होत्या. बोलून झालं की थोडा वेळ तसाच फोन धरून बसायचे, मग लेक म्हणायची, "बाबा, झोप लागली तिला."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला. लेकीचा फोन आला तेव्हा मास्तर दाढी करत होते. अर्ध्या दाढीनिशी बस पकडली. सहा तासांचा रस्ता. पोचले तेव्हा तिला जाऊन दोन तास झाले होते.

लेकीने त्यांना धरून आत नेलं. दोघंही रडली, पण एकमेकांच्या गळ्यात पडून नाही. पाच दिवस राहून ते परत आले.

फळी खोलीत तशीच भिंतीला टेकलेली होती. मागच्या भागाच्या अठरा वायरी राहिल्या होत्या. मास्तर दोन दिवस तिच्यासमोर बसून राहिले. मग बाजारात गेले आणि एकच मोठं काळं रीळ आणलं. रंग नाही, तर नाही. टेस्टिंगच्या छोट्या दिव्याने एकेक जुनी वायर तपासायची, हिचं दुसरं टोक कुठे निघतं ते शोधायचं, आणि तिच्या जागी काळी ओढायची. टोकाला आकड्याची चिठ्ठी. तिच्याबरोबर जे दोन दिवसांत झालं असतं त्याला अकरा दिवस लागले.

वायरिंग डॉक्टरबाईंच्या शेडमध्ये नेऊन गाडीत बसवलं. बाई स्वतः आत बसल्या. चावी फिरवली, पुढचे दिवे लागले, वायपर हलले, हॉर्न वाजला. बाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी उजवा इंडिकेटर दाबला आणि मागे डावा दिवा लुकलुकायला लागला.

मास्तर गाडीखाली सरकले. बायको स्टुलावर बसल्यापासून त्यांच्या हातून वायर उलट जोडली गेली नव्हती. डॉक्टरबाई टॉर्च घेऊन डिकीपाशी वाकल्या.

"मास्तर, पुढे एवढे रंग आणि मागे सगळं काळं, हे कसं काय?"

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं. पाठीवर झोपून, वर फक्त पत्रा दिसत असताना, सगळं सांगितलं. बागेतली पिशवी, स्टूल, रिळं, पांघरुणावरची टोपली. समोर चेहरा असता तर कदाचित जमलं नसतं.

बाईंनी टॉर्च बंद केला. "लेकीला ठाऊक आहे?"

"नाही."

"सांगा."

"आता सांगून काय उपयोग?"

"तिला वाटतंय, बापाने आईला राबवलं. ते मनात धरून तिलाही जगायचं आहे ना?"

मास्तरांनी इंडिकेटरच्या दोन काळ्या वायरींची अदलाबदल केली, बाहेर आले, हात पुसले. उजवा दाबला, उजवा लागला. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. बोलायला चार मिनिटंही लागली नाहीत. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "मी येते."

शनिवारी आली. खोलीत येऊन पलंगावर बसली, आईच्या जागी.

"आमच्याकडे कपड्यांना लावायचे चिमटे आहेत ना, प्लास्टिकचे," ती म्हणाली. "आई दिवसभर त्यांच्या जोड्या लावत बसायची. लालला लाल, हिरव्याला हिरवा. पांघरुणावर ओळीने मांडायची आणि दाराकडे बघायची. मला वाटलं, लहान मूल झाली. तोंडात घालेल म्हणून मी तिला सांभाळणाऱ्या बाईला सांगून ते कपाटावर ठेवायला लावले."

मास्तरांनी विचारलं, "बरोबर लावायची?"

"एकही चुकली नाही."

मग ती अशी रडली, जशी आई गेली त्या दिवशीही रडली नव्हती. "तुम्ही बोलायचं होतं, बाबा. त्याच दिवशी, त्याच खोलीत बोलायचं होतं. मी नेलं नसतं तिला. मी स्वतः बसले असते तिच्याशेजारी, हात धरून."

मास्तरांना कळलं, आपण आपल्या डोक्यावरचा दगड उतरवला आणि तो लेकीच्या डोक्यावर ठेवला. आजवर तिला फक्त बापाचा राग होता. आता तो स्वतःवर होता. तो पहिला बरा होता, असं त्यांना वाटलं. पण सांगितलेलं परत घेता येत नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, एवढंच.

ती चार दिवस राहिली. आईचे कपडे आवरले, स्वयंपाक केला, बापाच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. निघताना म्हणाली, "माझ्याकडे चला."

"येईन," मास्तर म्हणाले. ते येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरबाईंची गाडी आता रोज सकाळी बाजारापर्यंत जाते आणि येते. मास्तर बॅटऱ्या बदलून देतात, पाणी घालतात, चार्जिंगला लावतात. गेल्या महिन्यात एक तरुण माणूस जुनी गाडी घेऊन आला. कुठून तरी मास्तरांचं नाव ऐकून आला होता. संपूर्ण वायरिंग नवं करायचं होतं.

"नाही करत आता," मास्तर म्हणाले.

"का हो? सगळे तुमचंच नाव सांगतात."

"दिसत नाही."

परक्या माणसासमोर हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले. त्या माणसाला वाटलं, वय झालं. तो कळवळून म्हणाला, "मोतीबिंदू असेल. माझ्या वडिलांचाही होता, दहा मिनिटांचं ऑपरेशन, लख्ख दिसायला लागलं." त्याने एका कागदावर डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

"हो," मास्तर म्हणाले, "जाऊन येतो एकदा." त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्या माणसाची गाडी गल्लीतून वळवायला मदत केली.